दूध संपल्यावर ती बाई काय करते

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या स्नेहदीप सोसायटीत अहल्याकाकू दिघे यांचा एकही धड फोटो कुणाकडे नव्हता. फोटो काढले नव्हते असं नाही, भरपूर काढले होते. पण प्रत्येक फोटोत जिथे काकू असायला हव्यात तिथे एक धुरकट पट्टा असायचा. नागरवाड्यातल्या शाळेच्या फोटोत ओळीने बसलेल्या मुली आणि मधेच एक ढग. लग्नाच्या फोटोत श्रीकृष्णराव मुंडावळ्या बांधून खांबासारखे स्वच्छ उभे, आणि शेजारी शालूत गुंडाळलेला वारा. फोटोग्राफर म्हणायचा, "बेन, जरा स्थिर!" काकू म्हणायच्या, "स्थिरच आहे की!" आणि तेवढं सांगायला मान वळवायच्या.

बाई वाईट नव्हती हो. फक्त थांबत नव्हती. बोलताना समोरच्याच्या शर्टाची गुंडी लावून द्यायच्या. देवळात कीर्तन ऐकता ऐकता शेजारणीच्या पिशवीतली मेथी निवडून टाकायच्या. सिनेमाला गेल्या तर पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईच्या अंबाड्यातला सुटलेला आकडा मध्यंतरापूर्वी जागच्या जागी बसलेला असायचा आणि त्या बाईला पत्ताही नसायचा.

ह्या बाईला सोसायटीच्या पहिल्याच गणपतीत सजीव देखाव्यात उभं केलं, ही चूक खरं तर मंडळाची. सजीव देखावा म्हणजे काय, तर पडदा वर जातो, माणसं चित्रातल्यासारखी गप्प उभी असतात, लोक बघतात, पडदा खाली येतो. त्या वर्षी काकू नव्या नवरीसारख्या दिसत, रंग उजळ, म्हणून त्यांना दमयंती केलं. घरोघरी भिंतीवर असतं ना छापील चित्र, राजा रविवर्म्याचं हंस-दमयंती, तसंच. काकू दगडी कठड्याला टेकून उभ्या, समोर कापसाचा हंस. पडदा वर गेला. मैदान शांत झालं. हंसाच्या मानेतली तार जरा ढिली होती, तेव्हा मान हळूहळू खाली यायला लागली. काकूंनी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग पुढे होऊन हंसाची मान सरळ केली आणि त्याला म्हणाल्या, "नीट बस."

सगळं मैदान जे हसलं, ते पुढची कैक वर्षं हसतच राहिलं. 'हलती दमयंती' हे नाव तेव्हापासून. भाजीवाल्यालासुद्धा माहीत. काकूही हसायच्या, सगळ्यांत मोठ्याने. पण त्यानंतर दर गणपतीत त्या पडद्यामागेच. कुणाला नऊवारी नेसव, कुणाचा मुकुट बांध, कुणाच्या मिशीला डिंक लाव. पडदा वर जायची वेळ झाली की रमाकांत मास्तर म्हणायचे, "वहिनी, आता आपण बाजूला." आणि काकू बाजूला व्हायच्या.

रमाकांत जयवंत हे सोसायटीचे देखावाकार. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण बोलायचे असे की जणू समोर मोठं सभागृह भरलंय. साधा चहा मागायचा तरी, "उष्ण पेय मिळाल्यास चित्तवृत्ती उल्हसित होतील." त्यांचा आवडता शब्द 'स्थैर्य'. तो उच्चारताना ते 'थै'वर एवढा जोर द्यायचे की पुढे बसलेल्यांनी रुमाल काढावा.

आणीबाणी उठली त्या वर्षी श्रीकृष्णरावांनी कारखान्यातून एक कॅलेंडर आणलं. ते छाणीकडच्या एका कारखान्यात गेज-मीटर बघायचे, आणि पंप विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीने ते वाटलं होतं. जाड, गुळगुळीत कागद. दर महिन्याला एक जगप्रसिद्ध चित्र, खाली इंग्रजीत बारीक माहिती. काकूंनी ते ओट्याच्या वर खिळ्याला लावलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरात भिंत तेवढीच रिकामी होती.

जानेवारीत मोनालिसा. काकू पोळ्या लाटता लाटता वर बघायच्या.

"अहो, हिने हात असे बांधलेत. गॅसवर काही ठेवलेलं नाही वाटतं. काय लिहिलंय खाली?"

श्रीकृष्णराव चष्मा चढवून मशीनचं माहितीपत्रक वाचावं तसं वाचायचे. "लिओनार्दो दा विंची. इटली. ऑइल. म्हणजे तेल. लाकडावर."

"ते राहू द्या. हे चित्र काढून झाल्यावर ती उठून कुठे गेली?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग काय लिहिलंय एवढं?"

फेब्रुवारी त्या घरात आलाच नाही. बोत्तिचेल्ली नावाच्या चित्रकाराची ती शिंपल्यावर उभी असलेली देवी. श्रीकृष्णरावांनी पान उलटलं, परत पालटलं आणि फेब्रुवारीच्या तारखा जानेवारीच्या पानाखाली पेन्सिलीने लिहून काढल्या. काकूंनी ते दुपारी एकट्या असताना उलटून पाहून घेतलंच. बिचारी गारठली असेल, असं त्यांचं मत पडलं. बाजूला एक बाई कपडा घेऊन धावत येतेय, पण पोचली का वेळेवर?

मार्चमध्ये व्हॅन गॉगची सूर्यफुलं आली. ("पाणी बदललं नाहीये.") एप्रिलमध्ये मिले नावाच्या फ्रेंच माणसाच्या, कापणी झालेल्या शेतात वाकून कणसं वेचणाऱ्या तीन बाया. काकूंना त्या फार आवडल्या. संध्याकाळी त्या वेचलेल्या दाण्यांच्या भाकऱ्या किती झाल्या असतील, ह्याचा त्यांनी हंसाबेनबरोबर हिशेब घातला. हंसाबेन शेजारच्या. मराठी उत्तम समजायच्या, बोलताना मात्र दोन्ही भाषा एका भांड्यात कालवायच्या. "अहल्याबेन, आ तिघींना एक एक रोटलो तर मळशेच, मिळणारच. नाय तर एवढी मेहनत कोण करे?" जूनमध्ये होकुसाई नावाच्या जपानी चित्रकाराची लाट आली. डोंगराएवढी लाट, तिच्या खाली होड्या, होड्यांत चिकटून बसलेली माणसं. पूर्ण महिनाभर काकू आल्यागेल्याला विचारत राहिल्या, "बुडाली का हो ही?"

"चित्र आहे ते," लोक म्हणायचे.

"चित्र आहे, पण पुढे?"

सगळी गोम इथेच होती. जिला स्वतःला थांबता येत नव्हतं, तिला चित्रही थांबलेलं बघवत नव्हतं. प्रत्येक चित्राच्या पुढचा क्षण तिला हवा असायचा. आणि तो कुणी देत नव्हतं.

मग ऑगस्टचं पान आलं.

स्वयंपाकघर. डावीकडे खिडकी. निळ्या कापडाचं टेबल, टोपलीत पाव, पावाचे तुकडे विखुरलेले. पिवळं पोलकं घातलेली, बाह्या वर सारलेली एक धट्टीकट्टी बाई मातीच्या सुरईतून मातीच्याच भांड्यात दूध ओततेय. बारीक धार. बस, एवढंच. वर भिंतीला एक खिळा, आणि त्या खिळ्याला काहीही टांगलेलं नाही.

काकूंचा लाटणं धरलेला हात थांबला. हे श्रीकृष्णरावांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं की पोळी फाटली असावी.

"वाचा हो."

"व्हर्मीर. हॉलंड. तीनशे वर्षांपूर्वी. दूधवाली. म्हणजे दूध विकणारी नव्हे, घरकाम करणारी."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही दिलेलं."

"कमाल आहे. राणी नाही, देवी नाही, नावसुद्धा नाही. आणि कॅलेंडरवर!" काकू पुढे झुकल्या. "शिळ्या पावात दूध घालतेय. काहीतरी गोडाचं करणार. पण दूध संपल्यावर काय करते ही?"

श्रीकृष्णरावांनी खालचं बारीक टाईप पुन्हा एकदा वाचलं. "ते पण नाही दिलेलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओशाळा झाला.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष सुभानराव माने, मिशा पांढऱ्या, कान थोडे जड. प्रत्येक वाक्याची सुरुवात, "आमच्या सरकारांच्या वेळी..." म्हणजे बडोद्याच्या महाराजांच्या. देखाव्यात त्यांचं काम एकच होतं, घंटा. स्नेहदीपचा रिवाजच होता, की सुभानराव समोरच्या खुर्चीवर आरतीची घंटा मांडीवर घेऊन बसणार, त्यांचं बघून झालं की घंटा वाजवणार, आणि घंटा वाजली की पडदा खाली. आणि सुभानरावांचं लवकर बघून व्हायचं. "चित्र बघितलं? बघितलं. मग झालं तर! काय ठाण मांडून बसायचंय?"

रमाकांत मास्तरांनी ह्या वर्षीचा विषय सांगितला: जगातली गाजलेली चित्रं. काकूंचं कॅलेंडर त्यांनी मागून नेलं होतं.

रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'वर एकमत व्हायला अजिबात वेळ लागला नाही, भांडण मात्र लगेच लागलं. गावच्या पहारेकरी मंडळींचं ते चित्र, दोघे पुढे झगझगीत उजेडात आणि बाकीचे मागे अंधारात. स्नेहदीपच्या सगळ्या पुरुषांना पुढच्या दोघांत यायचं होतं. "वर्गणी मी पण दिली आहे," एक म्हणाला. मास्तर म्हणाले, "त्या चित्रातील मंडळींनीही वर्गणी काढली होती, महाशय, तरीही काहींच्या वाट्याला अंधारच आला." मोनालिसासाठी बँकेतल्या सुहासिनीचं नाव ठरलं. ती मुळातच अशी बसायची की काउंटरपलीकडच्या लोकांना प्रश्न पडायचा, ही जागी आहे का.

"आणि हे शेवटचं, दूधवाली," मास्तर म्हणाले. "हिच्याकरिता जरा..."

"मी," अहल्याकाकू म्हणाल्या.

कुणीतरी नाकाने हसलं. मग सगळेच.

"वहिनी, विनोद करता आहात."

"नाही. मला एकदा चित्रात उभं राहायचंय. न हलता. मला येतं का ते मला बघायचंय." हे सांगताना काकूंनी समोरच्या टेबलावरच्या सगळ्या कपांचे कान एका दिशेला वळवले होते. सगळ्यांनी ते पाहिलं. मग काकूंनीही पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

मास्तर चांगले मनुष्य होते. त्यांनी डोळे मिटले. "ठीक. शेवटच्या तालमीपर्यंत. त्या तालमीत आपण हललात, तर सुहासिनीच दोन्ही चित्रं करील. स्थैर्य, वहिनी! स्थैर्य हाच चित्राचा प्राण."

पुढच्या बाईने गाल पुसला.

तालमी सुरू झाल्या. हंसाबेननी पिवळं पोलकं शिवलं. डोक्यावरची टोपी श्रीकृष्णरावांच्या जुन्या धोतराची. मास्तरांनी पुठ्ठ्याची खिडकी केली, भिंतीवर अगदी तो रिकामा खिळाही ठोकला. आणि दुधाची धार? ती त्यांनी कापसाची केली. लांब वात वळून, खळीत बुडवून, वाळवून. एक टोक सुरईला चिकटवलेलं, दुसरं भांड्यात. लांबून बघितलं तर दूधच.

पण काकू त्या कापसाच्या धारेसमोर उभ्या राहिल्या की त्यांचं काय व्हायचं कोण जाणे. डावा हात उठायचा आणि टोपलीतला पाव नीट करायचा. "काय झालं?" "वाळतोय तो उघडा." पुढच्या वेळी टेबलाच्या कापडाची सुरकुती. त्याच्या पुढच्या वेळी चक्क सुरई खाली ठेवून त्या मास्तरांच्या सदऱ्याला लागलेला चुना झटकायला आल्या.

"वहिनी!"

"चुना होता."

"दूधवालीने चुना झटकल्याचे इतिहासात नमूद नाही!"

सुहासिनी कोपऱ्यात मोनालिसा होऊन बसलेली असायची. तालीम संपली हे तिला हलवून सांगावं लागायचं. अहल्याकाकू तिच्याकडे टक लावून बघायच्या.

"सुहास, तू कसला विचार करतेस गं अशी बसतेस तेव्हा?"

"कसलाच नाही, काकू."

"कसलाच नाही म्हणजे? मधे मधे काहीतरी येत असेल."

"नाही येत."

काकूंनी त्या रात्री झोपताना कसलाच विचार न करण्याचा प्रयत्न केला. उद्याची भाजी, गिरणीतलं दळण, जपानी होडीतली माणसं आणि हंसाबेनच्या जावयाचं पोट, एवढं सगळं येऊन गेलं. शेवटी उठून त्यांनी डब्यांची झाकणं पुसली.

रविवारी त्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेल्या. बडोद्यात जन्म गेला, पण चित्रांच्या दालनात नीट अशा त्या कधी थांबल्याच नव्हत्या. पाहुण्यांना घेऊन यायचं, देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, बाहेर पडून शेंगा खायच्या, असाच शिरस्ता. ह्या वेळी श्रीकृष्णराव बरोबर होते. काकूंना एकच बघायचं होतं: ही चित्रातली माणसं थांबतात कशी?

विलायती तैलचित्रांसमोर त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या. आधी लांबून, मग अगदी नाक लागेल एवढ्या जवळून.

"अहो, इकडे या. इथून बघा. गळ्याभोवती लेस आहे ना? आता इथून बघा. काहीच नाहीये. नुसते पांढरे ठिपके!"

"हं. ऑइल," श्रीकृष्णराव म्हणाले.

"म्हणजे लेस त्याने काढलीच नाही. आपणच बघतोय ती." काकू मागे सरकल्या, लेस आली. पुढे झाल्या, लेस गेली. चार-पाच वेळा त्यांनी तिला असं बोलावलं आणि घालवलं. रखवालदार उठून उभा राहिला.

मग एका चित्रापाशी त्या थबकल्या. पुस्तक वाचणारा एक म्हातारा होता. दुसऱ्यात शिवण घेऊन बसलेली बाई. आणि त्यांच्या पलीकडे ओळीने मोठे मोठे सरदार, छातीवर पदकं, बघणाऱ्याकडे बघत.

"हे सरदार बघा, उभे आहेत. अगदी फोटोग्राफरने 'स्थिर' म्हटल्यासारखे. आणि हा म्हातारा?"

"तो वाचतोय."

"तेच की. तो उभा राहत नाहीये. तो वाचतोय." बसस्टॉपवर काकूंनी कुणाची गुंडीही लावून दिली नाही. श्रीकृष्णरावांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का.

उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी, आणि ते श्रीकृष्णरावांनी दिलं. त्यांना मात्र अजूनही माहीत नाही की ते त्यांनी दिलं. संध्याकाळी काकू ओट्यापाशी तापलेलं दूध पातेल्यातून बरणीत ओतत होत्या. बरणीचं तोंड लहान, दूध ऊन, एक थेंबही बाहेर नको.

"अगं, माझा निळा शर्ट कुठे आहे?"

काही उत्तर नाही.

"अगं? निळा शर्ट."

काही नाही.

श्रीकृष्णराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "तिसऱ्यांदा विचारतोय. दगड झालीस का काय?"

पातेलं रिकामं झालं. काकूंनी कडेवरचा थेंब बोटाने टिपला. मग मान वळवली. त्यांचे डोळे एवढे मोठे झालेले श्रीकृष्णरावांनी लग्नानंतर पाहिलेच नव्हते.

"काय म्हणालात? मी काय झाले?"

"द-दगड. म्हणजे रागाने नाही म्हटलं..."

"शर्ट दोरीवर आहे," काकू म्हणाल्या आणि तशाच, हात न पुसता, मास्तरांकडे निघाल्या.

"खरं दूध?" रमाकांत मास्तर ओरडले. "अशक्य! देखाव्यात काहीही हलता कामा नये."

"मग त्या बाईचं दूध का हलतंय?"

"ते हलत नाही, वहिनी. हलते आहे असा आभास होतो."

"बरं. मग माझं हलेल, आणि हलत नाही असा आभास होईल. बारीक, एकसारखी धार दुरून थांबल्यासारखीच दिसते. नळाची बघा हवं तर."

"आणि ते चित्र राहील काय? चित्रात काळ थांबलेला असतो!"

"काळ थांबला असेल. ती बाई नाही थांबलेली. ती दूध ओततेय. मास्तर, तुमच्या कापसापाशी मला काही कामच नाही, म्हणून माझे हात दुसरं शोधतात. हातात दूध द्या, मी कुठे जाते?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मग नळाकडे. मग उठून नळ थोडासा सोडला, चार पावलं मागे गेले आणि डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. "आभास होतो खरा," ते पुटपुटले.

शेवटच्या तालमीला काकूंनी सुरईच्या चोचीत कणकेची चिमटी लावून धार बारीक केली, आणि दुधाऐवजी पाणी घेतलं. धार सुरू झाली. काकू तिच्याकडे खाली बघत राहिल्या. मास्तर समोरून गेले, मागून आले, मुद्दाम टोपली वाकडी केली. काकू हलल्या नाहीत. पाणी संपायच्या आत मास्तरांनी स्वतःच पडदा पाडला. पाणी संपलं की ह्या काय करतील, काय सांगावं.

पण पडदा पडता पडता काकूंनी तो प्रश्न परत विचारलाच. "मास्तर, संपल्यावर काय करते ती?"

"संपतच नाही, वहिनी! तीनशे वर्षं ओतते आहे, अजून ओततेच आहे."

"असं कसं? कधीतरी संपणारच ना."

"घंटा आधी वाजेल," मास्तर म्हणाले. "सुभानराव आहेत."

देखाव्याच्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं. मोनालिसा झाली. पहिल्या रांगेतल्या एका बाळाने तिला मूर्ती समजून नमस्कार केला. नाइट वॉचमध्ये अंधारातल्या सगळ्यांनी हळूहळू उजेडाकडे सरकायला सुरुवात केली, पण सुभानरावांनी वेळेत घंटा वाजवली. मग मास्तरांनी माइकवरून जाहीर केलं: "हॉलंडमधील चित्रकार व्हर्मीर यांची दूधवाली! भूमिका, श्रीमती अहल्या दिघे."

"अरे, हलती दमयंती!"

"पैज लाव, पैज."

"या वेळी हंस कुठे आहे?"

पडदा वर गेला.

खिडकीतून बल्बचा पिवळा उजेड. निळं कापड, पाव. अहल्याकाकू, बाह्या वर सारलेल्या, डोळे खाली. सुरई तिरपी. आणि धार.

आधी कुणाला कळलंच नाही. मग तिसऱ्या रांगेतून हंसाबेनचाच आवाज आला, "अरे, आ तो साचुं दूध छे!" आणि सगळी माणसं पुढे झुकली. दूध खरं होतं. पडत होतं, आणि पडत नव्हतं. मांडवात एक पांढरी रेघ उभी होती आणि तिच्या वरच्या टोकाला ती बाई होती, जिने कधी कपाचा कान वाकडा सोडला नव्हता.

"काकू, झुरळ!" मागून एक टारगट ओरडला.

काही नाही.

"काकू, गॅस चालू राहिला घरी!"

पापणीही नाही. काकूंना ऐकू येत होतं, पण पलीकडच्या बिल्डिंगमधून यावं तसं. त्यांच्यापाशी फक्त धार होती. जाड होऊ द्यायची नाही, तुटू द्यायची नाही, पावावर सगळीकडे सारखी. वा, छान भिजतोय. मग मागचा टारगटही गप्प झाला, आणि मैदानात दूध पडल्याचा बारीक आवाज ऐकू येऊ लागला.

सुभानरावांची घंटा मांडीवरच होती. त्यांची मान पुढे आली होती, तोंड किंचित उघडं. त्यांचं बघून होतच नव्हतं. पडदा ओढणारा त्यांच्याकडे बघत होता, आणि ते दुधाकडे.

आणि दूध संपलं.

धार बारीक झाली, तिचे थेंब झाले, थेंबही थांबले. घंटा वाजली नाही. काकू सुरई तिरपी धरून तशाच उभ्या होत्या. आता हातात काही नव्हतं. शेकडो लोक श्वास धरून होते. विंगेतून मास्तर ओठांनी सांगत होते, स्थैर्य, स्थैर्य. काकूंना माहीत होतं, एवढा एक क्षण काढला, घंटा वाजली, की जन्माची दमयंती पुसली जाईल. पण त्यांनी भांड्यात पाहिलं. खालचे तुकडे फुगले होते. वरचे दोन कोरडे राहिले होते.

त्यांनी सुरई खाली ठेवली.

मैदानातून एक दबलेला 'आऽ' आला. काकूंनी सुरईच्या चोचीवरचा शेवटचा थेंब बोटाने टिपला. वरचे कोरडे तुकडे हळूच दुधात दाबले. भांड्यावर ताटली झाकली. कंबर आखडली होती, तिच्यावर डावा हात ठेवला आणि किंचित मागे वाकून कंबर मोकळी केली. मग खिडकीकडे वळल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या.

आणि थांबल्या. हातात दूध नाही, पाव नाही, कसलंच काम नाही. काम आटपल्यावर, कुणी हाक मारायच्या आत, बाई उभी राहते तशा. मैदानात कुणी हसलं नाही. कुणीतरी म्हणालं, "झालं तिचं," तेही कुजबुजत.

बऱ्याच वेळाने सुभानराव दचकले आणि घंटा वाजली.

पडद्यामागे मास्तर धावतच आले. "वहिनी, तुम्ही हललात!"

"हो. दूध संपलं होतं."

"चित्र मोडलंत!"

"संपलं होतं हो ते. पुढचं चित्र होतं हे."

मग साध्या, घरगुती मराठीत मास्तर म्हणाले, "खिडकीतून एवढं काय बघत होतात?"

"तुम्हालाच. तुम्ही विंगेत आऽ करून उभे होतात."

तेवढ्यात सुभानराव काठी टेकत आत आले. सगळ्यांना वाटलं आता ओरडणार. ते थेट टेबलापाशी गेले, ताटली उचलून भांड्यात डोकावले. "आमच्या सरकारांच्या वेळी देखाव्यात सगळं खोटं असायचं. हे खरंच भिजलंय की! साखर आहे का?"

साखर हंसाबेनने आणली, वेलदोड्याची पूडही. मोनालिसा, पहारेकरी, पडदा ओढणारा, सगळ्यांनी मिळून ते दूध-पाव वाटीवाटीने खाल्लं. सुहासिनी म्हणाली, जायफळ हवं होतं. म्हणजे विचार तिलाही येत होते.

सोसायटीच्या फोटोग्राफरने त्या दिवशी एक फोटो काढला होता, धार चालू असतानाचा. तो घरी आला तेव्हा श्रीकृष्णरावांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिला. पाव स्वच्छ, खिळा स्वच्छ, आणि मधे अहल्या. भुवई, बोटं, कानामागची बट, सगळी जागच्या जागी. "अगं," ते म्हणाले, "तू अशी दिसतेस होय?"

डिसेंबर सरल्यावर कॅलेंडर उतरलं आणि त्याच खिळ्यावर हा फोटो लागला. पाहुणे येतात, बघतात, वाखाणतात. आणि हमखास कुणीतरी म्हणतंच, "वा! कापसाची धार काय हुबेहूब केलीय हो."

"कापूस नाही, दूध आहे ते!" काकू म्हणतात, आणि हे सांगताना पाहुण्याची वाकडी कॉलर सरळ करतात.